शेतकऱ्याची कंबर व मणक्यांतील गादी

बैलाचा खांदा आला, तर जाणता शेतकरी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाही. तोच शेतकरी स्वतःच्या कमरेत उसण भरली असता खताच्या गोण्या उतरवीत राहतो. दुखणे असह्य झाले म्हणजे कोणी पायाळू माणसाचा पाय लावून घेतो, कोणी हाडवैद्याकडे जातो, तर अलीकडे कोणी शहरातील कायरोप्रॅक्टरकडून मणका ‘बसवून’ घेतो. यांपैकी कशाचा उपयोग होतो व कशात धोका आहे, हे समजण्यासाठी मणक्यांमधील गादीची रचना प्रथम ध्यानात घेणे जरूर आहे.

पाठीच्या कण्यात अशा २३ गाद्या असतात. गादीच्या बाहेरील बाजूस चिवट तंतूंचे एकाभोवती एक थर असतात व आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो. मोठ्या माणसाच्या या गरापर्यंत रक्तवाहिनी पोहोचत नाही. शेजारच्या मणक्यांतून झिरपणाऱ्या द्रवावरच त्याचे पोषण होते. दिवसभराच्या भाराने गादीतील पाणी थोडे थोडे बाहेर पडते व रात्री आडवे झाल्यावर ते पुन्हा आत शोषले जाते. यामुळेच माणूस सायंकाळपेक्षा सकाळी एक-दीड सेंटिमीटर उंच भरतो.

शेतावरील कामाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. पहाटे गादी पाण्याने फुगलेली असते आणि अशा वेळी खाली वाकल्यास तिच्या मागील भागावर अधिक ताण पडतो. नेमक्या त्याच वेळी गोठ्यात शेणाच्या पाट्या उचलल्या जातात. उठल्यावर पहिला तासभर चालण्याची व हलकी कामे करून पाट्या मागाहून उचलल्यास कंबरेस पुष्कळ आराम पडतो. यास पैसाही लागत नाही.

भार उचलताना तो छातीशी धरावा, गुडघ्यांत वाकावे व भार हातात असताना कंबरेला पीळ देऊ नये. पुरुष कामगाराने हातांनी वाहावयाच्या भाराची मर्यादा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली ५५ किलो सुचविली. युरियाची गोणीही २०१८ पासून ४५ किलोची झाली आहे. तरीही १०० किलोचे पोते एकट्याने पाठीवर घेण्यात पुरुषार्थ मानला जातो, तो सोडावा हे बरे. भातलावणी व खुरपणी यांत दिवसभर ओणवे राहण्याचा भाग बहुधा स्त्रियांच्याच वाट्यास येतो. ओळीत पेरलेल्या पिकात सायकल कोळपे चालविल्यास खुरपणीचे बरेचसे काम उभ्याने उरकते. घरात कोळपे घेण्याचा विचार निघेल तेव्हा हा लाभही हिशेबात धरावा.

‘गादी सरकली’ असे म्हणतात. परंतु गादी जागची हलत नाही. तिच्या बाहेरील थरास चीर पडून आतील गर बाहेर येतो व शेजारच्या शिरेस डिवचतो. मग कंबरेपासून पोटरीपर्यंत कळ जाते. हा संबंध बोस्टन येथील मिक्स्टर व बार या शल्यवैद्यांनी १९३४ साली स्पष्ट केला. सुदैवाने बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेते आणि बहुतेकांचे दुखणे सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून ओसरते. पायाळूचा पाय लागू पडतो तो याच कारणाने! दोन दिवसांहून अधिक काळ अंथरुणास खिळून राहणे मात्र अहितकारक आहे. झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवावी. कंबरपट्टा व वजन लावून ताण देणे या उपायांची शिफारस जुनाट कंबरदुखीत नेहमीचा उपचार म्हणून करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे.

कायरोप्रॅक्टिक ही पद्धती अमेरिकेतील डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी १८९५ साली सुरू केली. बहुतेक सर्व रोग मणके जागचे हलल्यामुळे होतात, ही त्यांची कल्पना शास्त्राच्या कसोटीस उतरली नाही. साध्या कंबरदुखीत मात्र प्रशिक्षित हातांनी केलेल्या मणक्यांच्या उपचाराने काहींना थोडाफार आराम पडतो. अमेरिकन वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१७ साली शेक व मालिश यांच्या जोडीने हा उपायही सुचविला. त्या वेळी होणारा ‘कट्’ असा आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी झाल्यामुळे येतो. तो गादी बसल्याचा पुरावा नव्हे. दुखणे कंबरेचे असता मानेस झटका देऊ देऊ नये. मानेतील रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे, क्वचित का होईना, नमूद आहेत.

सायंकाळी ताप, वजनात घट, रात्री पडल्यापडल्याही दुखणे, अशी लक्षणे असल्यास मणक्याचा क्षय असू शकतो. क्षयाने पोखरलेल्या मणक्यास झटका दिला तर तो खचून दोन्ही पाय लुळे पडण्याचा धोका असतो. क्षयाची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. वृद्धांची हाडे ठिसूळ झालेली असतात. त्यांनीही तपासणीवाचून कोणाच्या हाती पाठ देऊ नये.

लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, बैठकीच्या जागी बधिरता येणे, पाऊल उचलता न येणे, यांपैकी काहीही दिसल्यास शेक-मालिशीत वेळ घालवू नये. शिरांचा जुडगा दबला असल्यास शस्त्रक्रिया तातडीने व्हावी लागते. उशीर झाल्यास लघवीवरील ताबा कायमचा जाण्याची भीती असते. रात्र असली तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून शस्त्रक्रियेची सोय असलेले मोठे रुग्णालय गाठावे.