डोळ्यांची बाराखडी

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण आपण बाळपणापासून ऐकतो. परंतु त्या तिघांतील मधले पान कसे असते, असे कोणी पुसल्यास किती जणांना सांगता येईल? आमच्या देवरीच्या आसमंतात पळसाला तोटा नाही. तथापि आयुष्यभर शाळेत मराठी व संस्कृत शिकविलेल्या मला हे सेवानिवृत्तीनंतर उमगले की, मधले पान मोठे असून त्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. कडेची दोन पाने मात्र लहान आणि एका अंगाला कललेली असतात. पळस रोज दृष्टीस पडत होता. मी तो पाहिला मात्र नव्हता.

माझ्या या उशिराच्या विद्यारंभास माझी नात कारण झाली. ती शासकीय रेखाकला परीक्षांपैकी पहिल्या, म्हणजे एलिमेंटरी परीक्षेची तयारी करीत होती. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती व अक्षरलेखन हे तिचे विषय. एके दिवशी तिने पितळेचा तांब्या उंच स्टुलावर ठेवला आणि समोर पाटावर बसून त्याचे चित्र काढले. तांब्याचे तोंड तिने जवळजवळ आडव्या रेघेसारखे काढलेले पाहून मी म्हणालो, “अगं, तोंड गोल असते ना? ही रेघ कसली?”

“आबा, तुम्ही उभे आहात म्हणून तुम्हांला ते गोल दिसते. इथे माझ्याशेजारी बसून पाहा.”

मी बसलो, आणि ते तोंड खरोखरच रेघेएवढे झाले.

त्या क्षणी मला फार वर्षांपूर्वीचा एक तास आठवला. चित्रकलेचे शिक्षक रजेवर असल्यामुळे तो वर्ग माझ्याकडे आला होता. टेबलावर पुस्तकांची चळत रचून तिच्यावर मी असाच एक तांब्या ठेविला व मुलांना चित्र काढावयास सांगितले. शेवटच्या बाकावर, जंगलालगतच्या खेड्यातून पायी येणारा एक अबोल मुलगा बसे. त्याने तोंडाच्या जागी अशीच रेघ काढली. मी उभ्या उभ्या वरून पाहिले, तांबड्या शाईने ते चित्र खोडले आणि “डोळे उघडे ठेवून काढ” असे वर सुनावले. मुलाने मान खाली घातली. त्याने जे दिसले ते काढले होते. मला जे ठाऊक होते ते मी मागत होतो.

चित्रकलेचा पहिला पाठ तो हाच. वर्तुळाकार तोंड नजरेच्या रेषेत आले की त्याची रेघ होते. नजर जसजशी वर जाते तसतसे ते लंबवर्तुळाकार होऊन फुगू लागते. तांब्या नजरेच्या खाली असेल, तर बूड तोंडाहून अधिक खाली असल्यामुळे त्याची कड तोंडापेक्षाही अधिक वाकलेली दिसते. म्हणून बूड सपाट रेघेने काढले की तांब्या बसत नाही. प्रमाण पाहावयाचे, तर हात ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीने आधी रुंदी मोजावी व ती उंचीत कितीदा मावते ते पाहावे.

हे शिकता शिकता मला माझ्याच विद्येतील एक विसरलेले पान सापडले. वात्स्यायनाच्या कामसूत्रावरील ‘जयमंगला’ टीकेत यशोधराने चित्राची सहा अंगे सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. ही नावे मी पाठ केली होती. अर्थ आता कळला. पळसाचे पान मोहाच्या पानाहून वेगळे ओळखणे हा रूपभेद. पेन्सिलीने मोजले ते प्रमाण. तांब्या तांब्यासारखा दिसणे हे सादृश्य. रंग आणि कुंचला यांवरील प्रभुत्व हा वर्णिकाभंग. भाव पाहावा तो अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या मुखावर: मान किंचित कललेली, पापण्या खाली झुकलेल्या, आणि एवढ्यातच सारी करुणा. या सर्वांना शोभेत बसविणे ते लावण्ययोजन. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्रात छायेला ‘वर्तना’ म्हटले असून तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी पत्रज ही पानाच्या शिरांसारख्या रेघांनी आणि बिंदुज ही ठिपक्यांनी होते.

हल्लीच्या शाळांत रेषा, आकार, रंग, छटा, पोत आणि अवकाश हे चित्राचे मूलघटक म्हणून शिकवितात. त्यांचे पुस्तक आमच्या गावाभोवती उघडेच पडले आहे. नागपूरहून रायपूरला जाणारा महामार्ग देवरीतून जातो. त्याच्या दोन्ही कडा दूरवर एकमेकींस मिळतात, हा अवकाशाचा पाठ. पावसाळ्यात जवळच्या बांधीतले धानाचे पऱ्हे पोपटी, पलीकडची झाडी गर्द आणि क्षितिजावरची टेकडी निळसर दिसते. अंतराने रंग फिका होतो, हा छटेचा पाठ. फाल्गुनात पळस पाने टाकून केशरी फुलतो आणि निळ्या आभाळावर पेटल्यासारखा दिसतो. त्याचेही कारण आहे. तांबडा, पिवळा व निळा हे मूळ रंग. पैकी पहिल्या दोहोंच्या मिश्रणाने केशरी होतो, उरतो तो निळा. म्हणून हे दोन परस्परविरोधी, आणि जवळ आले की एकमेकांस उजळविणारे.

मूलघटकांची जुळणी कशी करावी हे सांगतात ती संयोजनाची तत्त्वे: तोल, लय, प्रमाण, विरोध, प्राधान्य आणि एकता. ही तर आमच्या माताभगिनींच्या बोटांत आहेत! ठिपक्यांच्या रांगोळीत डावीकडे जे वळण, तेच उजवीकडे, हा तोल. काठावर पुनःपुन्हा येणारी कोयरी ही लय. मध्यावरील कमळ मोठे, भोवतालची वेल नाजूक, हे प्राधान्य. चैत्रांगणात सूर्य, चंद्र, गोपद्मे, तुळशीवृंदावन इतके सारे मांडूनही अंगण विसकळीत दिसत नाही, ही एकता. माझ्या सौभाग्यवतीस यांतील एकही संज्ञा ठाऊक नाही, पण ठिपका चुकला तर तिला लांबून कळतो.

तेव्हा पालकांस माझी विनंती एवढीच की, चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या उजळणीसाठी मोकळा मिळालेला तास, असे मानू नये. मूल चित्रकार होवो अथवा न होवो, ते पाहावयास शिकेल. आठवड्यातून एकदा घरातील एखादे भांडे, एखादे पान त्याच्यापुढे ठेवावे. आणि त्याचे चित्र तपासण्यापूर्वी त्याच्या जागी जाऊन बसावे.

तो मुलगा पुढे कोठे गेला, मला ठाऊक नाही. त्याच्या वहीवरील माझी तांबडी रेघ मला आता पुसता येत नाही. सध्या मी नातीशेजारी पाट मांडून बसतो. माझा तांब्या अजून एका बाजूला कलतो. परंतु त्याचे तोंड आता बरोबर येऊ लागले आहे.