हिंजवडीचा सातबारा

१९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिस या संगणक-प्रणाली कंपनीने १९८३ मध्ये आपले बिऱ्हाड बंगळूरला हलविले, तेव्हा शहराने त्याची फारशी दखल घेतली नसावी. कारण ज्या व्यवसायाला ना धुराडे ना गोदाम, त्याला उद्योग म्हणण्याची सवयच कोणाला नव्हती. संगणक-प्रणाली रचणे, यंत्रांचे आराखडे काढणे, दूरदेशीच्या पेढ्यांचे हिशेब सांभाळणे, या सेवांचा माल तारेवरून जगभर जात असला, तरी त्या करणारी माणसे विद्यालये, कारखाने आणि समव्यवसायी यांचा सहवास असेल तेथेच जमतात, हा त्यांचा विलक्षण स्वभाव होय. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालये होती, पिंपरी-चिंचवडचे कारखाने होते, आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला होता. तेव्हा महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पुण्यालगतच्या हिंजवडीची शेतजमीन संपादून माहिती-तंत्रज्ञान उद्यान वसविले, त्यात बी जुने आणि वाफा तेवढा नवा होता. काचेच्या इमारतींमागोमाग खाणावळी, भाड्याच्या खोल्या आणि वाहनचालकांचा रोजगार आला. मात्र कारभार ग्रामपंचायतीचा आणि वर्दळ महानगराची, अशा या विजोड संसारात अमेरिकेतील ग्राहकाला क्षणात उत्तर धाडणारा अभियंता पावसाळ्यात वाकडच्या पुलापाशी तासभर खोळंबून राहतो.