सतरा नंबरच्या वह्या

सकाळी ७.३०

जानेवारीच्या अखेरीस निफाड तालुक्यात या वेळेला खिशातून हात काढवत नाही. तरी कॉलेजचं फाटक आज लवकर उघडलंय. बारावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बसलेल्यांची तोंडी परीक्षा आणि प्रकल्प तपासणी आहे. यातल्या निम्म्यांना लिलाव सुरू व्हायच्या आत बाजार समिती गाठायची असते, कुणाला दुकान उघडायचं असतं, कुणाची पोरं शाळेतून परतायच्या आत घरी पोचायची घाई असते. त्यांना दहाला बोलावलं, तर त्यांचा दिवसाचा रोज बुडतो.

वर्गात न बसता परीक्षा देणाऱ्या या विद्यार्थ्यांचं आमचं कनिष्ठ महाविद्यालय हे संपर्क केंद्र. पुस्तकं तीच, ८० गुणांचा पेपर तोच. उरलेले २० गुण आमच्या हातात: भाषेला तोंडी, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, वाणिज्य अशा विषयांना प्रकल्प. नियमित मुलं वर्षभर डोळ्यांसमोर असतात. कोणाचं अक्षर कसं, कोण कुठे अडतो, हे ठाऊक असतं. सतरा नंबरवाला फॉर्म भरताना दिसतो, मग एकदम आज. प्रकल्पावर मी सही करते तेव्हा हे काम त्याचंच आहे, असं मी मंडळाला सांगत असते. ते कशावरून सांगायचं, याचाच आजचा दिवस.

८.००

आधी गठ्ठा चाळते. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात, ते लगेच कळतात. मुखपृष्ठ एकच, चुकाही एकाच ओळीत, आणि ऋणनिर्देशात दुसऱ्याच गावच्या प्राचार्यांचे आभार. अलीकडे मोबाईलवर एआयकडून लिहून घेतलेले येतात. भाषा गुळगुळीत असते, पण पानभर वाचलं तरी एका गावाचं नाव नाही, एक भाव नाही, एक तारीख नाही. हे सगळे मी वेगळे ठेवते. नापास करायला नाही, त्यांच्याशी जास्त वेळ बोलता यावं म्हणून.

८.३०

पहिली मुलगी खळ्यावर कांदा निवडायला जाते. अर्थशास्त्राचा प्रकल्प, विषय कांद्याची आवक आणि भाव. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर आहेत, पण मागे वडिलांच्या सौदापट्ट्या चिकटवलेल्या आहेत.

"आडत कोण देतं गं?"

"घेणारा, मॅडम. आधी आमच्यातनं कापायचे."

बरोबर. २०१६ साली सरकारनं फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय केला. विकतच्या प्रकल्पांत अजूनही जुनीच माहिती छापलेली असते.

"आत्ता चाळीत कोणता कांदा आहे?"

ती हसली. "आत्ता कशाचा चाळीत? लाल कांदा टिकत नाही, काढला की विकायचा. चाळ भरायची ती उन्हाळ कांद्यानं, एप्रिलात."

साठवण करता येणाऱ्या आणि न येणाऱ्या मालाचा पुरवठा भावाला वेगवेगळा प्रतिसाद देतो, हे पुस्तकात दीड पानात आहे. तिनं ते एका वाक्यात सांगितलं. फक्त त्याला पुरवठ्याची लवचीकता म्हणतात, हे तिला माहीत नव्हतं. ते मी सांगितलं आणि तिच्याच वहीत तिच्याकडून लिहून घेतलं.

१०.००

आता वेगळ्या ठेवलेल्या गठ्ठ्यातला पहिला. वाणिज्य शाखेचा, बावीस-तेवीसचा मुलगा. व्यापारी बँकांच्या कार्यावर सुबक टाईप केलेली पंचवीस पानं. चालू खातं आणि बचत खातं यांत फरक काय, विचारलं. मान खाली. चेक क्रॉस का करतात? गप्प. आवाज चढवला असता तर तो उठून गेला असता आणि पुन्हा कधी आला नसता. अशी मुलं एकदा शाळेतून बाहेर पडलेलीच असतात.

"काम काय करतोस?"

"गाडी चालवतो, मॅडम. द्राक्षाचा कंटेनर, न्हावा शेवाला."

मग मी विचारत गेले आणि तो बोलत गेला. बागेतून काढलेला माल पॅकहाऊसला येतो, वजन करून खोक्यांत भरतात, मग प्रीकूलिंग, त्यानंतर खोक्यात गंधकाचा कागद घालतात. माल शून्य अंशाच्या जवळ उतरल्याशिवाय कंटेनरमध्ये चढवत नाहीत. वाटेत मशीन बंद पडलं तर पहिला फोन कोणाला, बंदराच्या गेटवर कोणते कागद दाखवायचे, सील तुटलं तर काय होतं. वाहतूक, गोदाम, विमा, बँक: पुस्तकातल्या व्यापाराच्या साहाय्यक सेवा त्यानं न अडखळता सांगितल्या, पुस्तकातलं एकही नाव न घेता.

टाईप केलेली पानं मी त्याला परत दिली. कोरे फुलस्केप दिले, मागच्या बाकावर बसवलं. "आत्ता सांगितलंस तेच लिही. बागेपासून बंदरापर्यंत. बँकेचं जिथे काम पडतं, तिथे तेही लिही. दुपारपर्यंत वेळ आहे."

"अक्षर चांगलं नाही, मॅडम."

"चालेल."

माझ्या मते खात्री करण्याचा याहून चांगला मार्ग नाही. काम डोळ्यांसमोर होतं, आणि ज्याचं आहे त्याच्याच हातून होतं.

दुपारी १.००

डबा. सहकारी सर म्हणाले, "कशाला एवढं? सरसकट अठरा द्या, कोणी विचारत नाही." हे मला मान्य नाही. २०१९ साली दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले. या गुणांवर लोकांचा विश्वास नाही, तो असाच सरसकट अठरांमुळे गेलेला आहे. आणि सरसकट अठरात कांद्यावाल्या मुलीच्या मेहनतीची किंमत विकतच्या पानांएवढीच होते.

२.००

चाळिशीच्या ताई, धाकट्या लेकीला घेऊन आल्या. थोरली यंदा दहावीला आहे. समाजशास्त्राचा प्रकल्प त्यांच्याच बचत गटावर. अंतर्गत कर्जाचं रजिस्टर सोबत आणलंय. शेकडा दोननं व्याज, कोणी कशासाठी घेतलं, कधी फेडलं. मी विचारलं, गटातल्या बायकांची नावं प्रकल्पात का नाहीत? "नवऱ्यांना ठाऊक नसलेली कर्जं आहेत त्यात, मॅडम." माहिती देणाऱ्याची ओळख जपायची, हे संशोधनाचं शिस्तीतलं वागणं त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. वीसपैकी एकोणीस दिले. एक गेला, कारण निष्कर्ष घाईत उरकला होता. तसं त्यांना सांगितलंही.

४.००

ड्रायव्हर मुलानं नऊ पानं भरली. परिच्छेद नाहीत, पूर्णविराम कमी, पण कंटेनरच्या कागदपत्रांचा तक्ता नीट आखलेला. दहा मिनिटं त्यावर प्रश्न विचारले. चौदा गुण. टाईप केलेली पानं तशीच घेतली असती तर सरसकटवाल्यांनी अठरा दिले असते. हे चौदा त्याचे आहेत.

५.००

गुण ऑनलाइन भरायचे, पुन्हा ताळा करायचा. गैरहजर असलेल्यांना फोन. एक मुलगी बाळंत झालीय, तिच्या घरच्यांना वैद्यकीय दाखला तयार ठेवायला सांगितलं. तिला लेखी परीक्षेनंतर आऊट ऑफ टर्नला बसवण्यासाठी अर्ज करू.

संपर्क केंद्र चालवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: फॉर्म घेता त्याच दिवशी विद्यार्थी काय काम करतो ते विचारा आणि प्रकल्पाचा विषय त्यातूनच द्या. आणि सतरा नंबरचा फॉर्म भरलेल्यांनो, झेरॉक्सच्या दुकानात जाऊ नका. कच्ची वही, पावत्या, पट्ट्या, सगळं जपून ठेवा आणि तपासणीला घेऊन या.