लिनक्सच्या डिस्कला कुलूप कोणतें?

चोरीस गेलेला संगणक पुन्हा विकत घेतां येतो. डिस्कवरील खाजगी कागद परक्याच्या हातीं पडले कीं परत येत नाहींत. संगणकाच्या प्रवेशाचा परवलीचा शब्द येथें पुरत नाहीं, कारण डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडतां येते. म्हणून मजकूरच कूटलिपींत ठेवावा लागतो.

डिस्क केवळ लिनक्सवर उघडावयाची असल्यास ‘लक्स’ पद्धति निवडावी; तींत एकाच कुलपास अनेक परवलीचे शब्द ठेवतां येतात. विंडोजवरहि उघडावयाची असल्यास ‘व्हेराक्रिप्ट’ सोयीचें. त्याचा पूर्वज ‘ट्रूक्रिप्ट’ २०१४ सालीं कर्त्यांनींच सोडून दिला, तो टाळावा.

मात्र डिस्क वापरांत असतां हें कुलूप उघडेंच असतें, आणि शब्द विसरल्यास खुद्द मालकासहि दार बंद होतें. तो शब्द कोठें जपावयाचा, हें घरांत आधींच ठरवावें.