ढिगाऱ्याच्या पोटातले पाणी

घराचे बांधकाम सुरू झाले की दारात वाळूचा ढीग येऊन पडतो. त्यावर चढून उड्या मारल्या नाहीत, असा मुलगा किंवा मुलगी विरळाच! पण त्या ढिगाकडे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? वरून आणखी एक घमेले वाळू ओतली तर ढीग उंच होतो, पण त्याचा उतार अधिक उभा होत नाही. जास्तीची वाळू घरंगळते आणि ढीग पायाशी रुंदावतो. कोरड्या वाळूचा उतार जमिनीशी साधारणपणे ३० ते ३५ अंशांचा कोन करतो. त्याला 'विश्रांतिकोन' म्हणतात. उतार याहून उभा झाला की कणाकणांतील घर्षण गुरुत्वाकर्षणापुढे हार खाते.

असेच, पण टेकडीएवढे ढीग दगडी कोळशाच्या खाणींजवळ असतात. उघड्या खाणीत कोळशाच्या थरावरची माती आणि खडक आधी काढावे लागतात. भुयारी खाणीतून कोळशाबरोबर दगड आणि चिकणमाती वर येते. कोळसा धुतल्यावर बारीक गाळ उरतो तो वेगळाच. हा सारा टाकाऊ माल जवळपास कुठेतरी रचतात. रचलेला ढीग उभा राहील की ढासळेल, हे कसे ओळखायचे? हा प्रश्न किती मोलाचा आहे, ते ब्रिटनमधील वेल्स प्रांतातल्या एका गावाला फार मोठी किंमत देऊन कळले.

ॲबरव्हॅनची सकाळ

या गावाचे नाव ॲबरव्हॅन. गावामागच्या डोंगरउतारावर खाणीच्या टाकाऊ मालाचे सात ढीग होते. सातवा ढीग १९५८ साली सुरू झाला आणि काही वर्षांतच सुमारे ३४ मीटर उंच झाला. त्याच्याखाली डोंगरातला एक झरा होता. १९६३ साली तेथील नगर अभियंत्याने शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या गाळाच्या धोक्याबद्दल पत्रही लिहिले होते. ढीग मात्र वाढतच राहिला.

ऑक्टोबर १९६६ च्या पहिल्या तीन आठवड्यांत तेथे सुमारे १६५ मिलिमीटर पाऊस पडला. २१ तारखेला सकाळी कामगार ढिगावर पोहोचले तेव्हा माथा सुमारे तीन मीटर खचलेला होता. एक जण ही खबर द्यायला खाली गेला. सव्वानऊच्या सुमारास ढीग सुटला आणि काळ्या चिखलाचा लोंढा होऊन पायथ्याच्या पँटग्लास शाळेवर व घरांवर आला. दिवसाची शाळा नुकतीच सुरू झाली होती. या अपघातात १४४ जण दगावले, त्यांत ११६ मुले होती. बहुतेक तुमच्याहून लहान, सात ते दहा वर्षांची.

पाणी काय करते?

पाण्याने असे काय केले? विहिरीतून पोहऱ्याने पाणी काढताना आठवा. पोहरा पाण्यात असेपर्यंत हलका लागतो, बाहेर आला की दोर हाताला कापतो. पाणी वस्तूला वर उचलून धरते, त्याचा हा परिणाम. ढिगाच्या पोटात पाणी भरले की तेच घडते. कणांमधल्या फटींतले पाणी त्यांना उचलून धरते. कण एकमेकांवर कमी जोराने दाबले जातात आणि दाब कमी झाला की घर्षणही कमी होते.

आता थोडे गणित करू. समजा, टाकाऊ मालाचा घर्षणकोन ३५ अंश आहे आणि आपण उतार २५ अंशांचा ठेवला. टॅन ३५° म्हणजे ०.७० आणि टॅन २५° म्हणजे ०.४७. पहिल्याला दुसऱ्याने भागले की सुमारे १.५ येतात. हा झाला सुरक्षिततेचा गुणक. तो १ पेक्षा जास्त असेल तर ढीग टिकतो, १ च्या खाली गेला तर घसरतो. म्हणजे आपला कोरडा ढीग सुरक्षित आहे.

आता तोच ढीग पूर्ण भिजला आणि पाणी आतून उताराच्या दिशेने पाझरू लागले असे समजा. भिजलेल्या मालाच्या एका घनमीटराचे वजन सुमारे २ टन भरते. त्यातले जवळजवळ १ टन पाण्याने उचलून धरलेले असते, म्हणून घर्षणासाठी उरते फक्त १ टन. खाली ओढले जाते ते वजन मात्र पुरते २ टन! गुणक निम्मा होऊन सुमारे ०.७५ वर येतो. उतार तोच, उंची तीच, पण ढीग उभा राहू शकत नाही. आणि माल बारीक असेल तर एकदा हलल्यावर तो पातळ चिखलासारखा वाहू लागतो.

ढिगाची नाडीपरीक्षा

म्हणून ढिगाची तपासणी करणारे अभियंते आधी जागा पाहतात. खाली झरा, ओढा किंवा मऊ चिकणमाती आहे का? ढिगाच्या वरच्या अंगाला आणि पायथ्याशी चर खणून ते पावसाचे पाणी बाहेर वळवतात. पायथ्याला मोठ्या दगडांचा थर देतात, म्हणजे आत शिरलेले पाणी कोंडत नाही. एकच उंच उतार न ठेवता पायऱ्या-पायऱ्यांनी ढीग रचतात. त्यात नळ्या रोवून पाण्याची पातळी मोजतात. माथ्यावरच्या भेगा, पायथ्याचा फुगवटा आणि नव्याने फुटलेला पाझर या तीन खुणा म्हणजे धोक्याची घंटा!

विदर्भात चंद्रपूर, वणी, उमरेड या भागांतून प्रवास केलात तर सपाट माथ्याच्या करड्या टेकड्या दिसतील. त्या निसर्गाने नव्हे, खाणींनी रचलेल्या आहेत. तेथे बहुतेक पाऊस चार महिन्यांतच कोसळतो, म्हणून पावसाळ्याआधी चर साफ असणे महत्त्वाचे. पण दक्षता बारा महिने हवी. झारखंडमधील ललमटियाच्या उघड्या खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी, पावसाळा नसतानाही, असाच ढिगारा घसरला आणि वीसहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. पाण्याइतकाच उतार आणि पायाही तपासावा लागतो.

करून पहा

किंचित ओलसर वाळू पेल्यात दाबून भरा आणि पेला ताटात उपडा करा. वाळूचा बुरूज ताठ उभा राहील, कारण कणांमधली पाण्याची पातळ पापुद्रे त्यांना एकत्र ओढून धरतात. आता ताटाच्या कडेने हळूहळू पाणी सोडा. बुरुजावर एक थेंबही टाकू नका. फटी पाण्याने भरल्या की ती ओढ नाहीशी होते आणि बुरूज पायापासून ढासळू लागतो. थोडे पाणी मित्र, फार झाले की वैरी!

ॲबरव्हॅनच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरण नेमले गेले. त्याने १९६७ साली अहवाल दिला. हा अपघात टाळता आला असता असे सांगून त्याने ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळाला दोषी धरले. १९६९ मध्ये तेथे अशा ढिगांच्या सुरक्षिततेसाठी कायदा झाला. पण यातली सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट वेगळीच आहे. सातव्या ढिगाखालचे पाणी कुणाला नव्याने शोधून काढावे लागले नसते. त्या डोंगरावरचे ओढे आणि झरे छापील नकाशांवर आधीपासून दाखवलेले होते. ढिगाची जागा ठरवताना नकाशा उघडून पाहायचे तेवढे राहून गेले.