गोठ्यातील चित्र ब्राउझरमध्ये कसे पाहावे?

हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान ज्या मुळशी तालुक्यात आहे, तेथेच भाताची खाचरे व गुरांचे गोठेही आहेत. गाय व्यायला आली म्हणजे मालकाला रात्रभर गोठ्यात जागावे लागते. गोठ्यात कॅमेरा बसविल्यास घरूनच लक्ष ठेवता येते. परंतु असे कॅमेरे बहुधा आरटीएसपी पद्धतीने चित्र पाठवितात व ब्राउझरला ती पद्धत कळत नाही. यास्तव मध्ये एक लहान संगणक ठेवून रूपांतर करावे लागते. त्याच्या तीन रीती आहेत.

१. एमजेपेग : छायाचित्रे एकामागून एक धाडली जातात. रीत सोपी, पण डेटा फार लागतो.

२. एचएलएस : चित्रणाचे काही सेकंदांचे तुकडे पाठवितात. पुष्कळांना एकाच वेळी पाहता येते. मात्र चित्र बहुधा ६ ते ३० सेकंद मागे असते.

३. वेबआरटीसी : चित्र बहुधा एका सेकंदाच्या आत पोचते; मांडणी मात्र किचकट आहे.

गाय अडल्याचे २० सेकंद उशिरा कळले तरी चालते. तेथे दुसरी रीत पुरे. चित्र पाहून दुरून पंप बंद करावयाचा असल्यास तिसरी रीत पत्करावी.

सेकंदाला १ मेगाबिट या वेगाने तासाला ४५० मेगाबाइट, म्हणजे दिवसाला १०.८ गिगाबाइट डेटा खर्च होतो. म्हणून कोणी पाहत नसता प्रक्षेपण बंद ठेवावे. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड प्रथम बदलावा. नाहीतर आपला गोठा परकेही पाहतील. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी ही गोष्ट शेतकऱ्यांना अवश्य समजावून द्यावी.