सिंहगड ते चाकण: दूरचित्रवाणीच्या लहरींचा प्रवास

पुण्याच्या नैर्ऋत्येस, समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंचीवर, सिंहगडाच्या माथ्यावर दूरचित्रवाणीचा मनोरा उभा राहिला, त्यास आतां अर्धशतक लोटलें आहे. सिंहगड म्हटला कीं महाराष्ट्रीय मनास प्रथम तानाजी मालुसरे आठवावे, हें स्वाभाविकच आहे. परंतु पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी, चाकण या कारखान्यांच्या मुलखांतील एका सबंध पिढीनें आणखी एका कारणासाठीं या गडाकडे तोंड केलें होतें. कौलांवर आणि गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांची जी अँटेना बांधलेली असे, तिचा रोख दक्षिणेकडे, म्हणजे सिंहगडाकडे असे. वाऱ्यानें तो रोख थोडा बदलला कीं पडद्यावर मुंग्या धांवूं लागत. मग एकानें गच्चीवर चढावें, दुसऱ्यानें खिडकींतून चित्राची वार्ता ओरडून सांगावी, असा उद्योग घरोघर चाले. हीं चित्रें डोंगरावरून येत तरी कशीं, बिघडत कां, आणि अंकीय म्हणजे डिजिटल प्रक्षेपणानें त्यांत कोणता फरक पडतो, याचा विचार या मुलखाच्या संदर्भांत करण्यासारखा आहे.

प्रथम डोंगराचें प्रयोजन पाहूं. आकाशवाणीच्या मध्यम लहरी लांबीनें शेंकडों मीटर असतात. त्या जमिनीला धरून दूरवर जातात. दूरचित्रवाणीच्या लहरी आंखूड, कांहीं मीटरांपासून अर्ध्या मीटरापर्यंतच्या. त्या पुष्कळ अंशीं प्रकाशासारख्या सरळ जातात. म्हणून जेथून मनोरा दिसूं शकेल, तेथें चित्र उत्तम. जेथें मध्यें डोंगर आला, तेथें सांवली. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवरून क्षितिज सुमारें ६० किलोमीटरांवर येतें, आणि पिंपरी तर वरळीपासून सरळ रेषेंत ११० किलोमीटरांच्या आसपास. शिवाय मध्यें सह्याद्रीची भिंत. मुंबईचें चित्र पुण्यास थेट पोंचणें शक्यच नव्हतें. १९७३ सालीं पुण्यासाठीं सहप्रक्षेपण सुरू झालें, तें याच अडचणीवरचा उपाय म्हणून. सिंहगडाचा माथा भोंवतालच्या पठारापेक्षां सुमारें सातशें मीटर उंच. तेथून क्षितिज नव्वद किलोमीटरांच्याही पलीकडे जातें. पिंपरी गडापासून सरळ रेषेंत सुमारें ३० किलोमीटर आणि चाकण सुमारें ४५. पृथ्वीच्या गोलाईचा अडथळा या गांवांना नव्हता.

मग तरीही चित्र बिघडे कां? त्याचें उत्तर या मुलखाच्या वाढींत आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान ॲण्टिबायोटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पुढें एकामागून एक कारखाने आले. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेंत तिची लोकसंख्या सतरा लाखांवर गेली. जेथें ज्वारी-बाजरीचीं शेतें होतीं, तेथें पत्र्याच्या प्रचंड शेड, लोखंडी सांगाडे आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. धातूचा पत्रा हा लहरींचा आरसाच होय. गडावरून निघालेली लहर एकदां सरळ अँटेनेस येऊन मिळे, आणि तीच लहर कारखान्याच्या छपरावर आपटून वळसा घेऊन, किंचित् उशिरानें, दुसऱ्यांदा येई.

हा उशीर किती लहान आणि त्याचा परिणाम किती मोठा, हें गणितानें पाहणें मनोरंजक आहे. लहरी एका सेकंदास तीन लाख किलोमीटर जातात. म्हणजे एका सेकंदाच्या दशलक्षांश भागांत ३०० मीटर. जुन्या पद्धतींत पडद्यावरील चित्र ६२५ आडव्या ओळींनीं काढलें जाई, आणि एका ओळीचा दृश्य भाग डावीकडून उजवीकडे जाण्यास सुमारें ५२ दशलक्षांश सेकंद लागत. तेव्हां परावर्तित लहरीनें केवळ ३०० मीटरांचा वळसा घेतला, तरी ४० सेंटिमीटर रुंद पडद्यावर तिचें चित्र मूळ चित्राच्या उजवीकडे पाऊण सेंटिमीटर सरकून उमटे. बातम्या सांगणाऱ्यास जणूं दुसरा फिकट चेहरा फुटे. अँटेना कितीही चांगली बांधली, तरी शेजारची शेड कांहीं हलत नसे.

दुसरा उपद्रव ठिणग्यांचा. वेल्डिंगची ठिणगी, मोटारीच्या ब्रशांतील ठिणगी, रस्त्यावरील वाहनाच्या इंजिनांतील ठिणगी, या सर्व क्षणभर लहरीच सोडतात. पण त्यांत अर्थ नसतो, नुसता गोंगाट असतो. जुन्या चित्रांत तो ठिपक्यांच्या आडव्या पट्ट्यांनीं दिसे. सारांश, ज्या उद्योगानें या मुलखास अन्न दिलें, त्यानेंच त्याचें चित्र डागाळलें.

अंकीय पद्धतीचें महत्त्व येथें कळून येतें. जुन्या पद्धतींत चित्राचा उजेड-अंधार जसा कमीजास्त होई, तशीच लहर कमीजास्त होई. म्हणून लहरीस जें जें होई, तें तें चित्रास भोगावें लागे. अंकीय पद्धतींत चित्राचें प्रथम आंकड्यांत रूपांतर होतें, आणि लहर केवळ शून्य व एक यांचे निरोप वाहून नेते. निरोप थोडा पुसट झाला, तरी तो शून्य आहे कीं एक, एवढें ओळखतां आलें म्हणजे पुरे. त्यावरून काढलेलें चित्र मूळच्याइतकेंच स्वच्छ.

परंतु निरोप मुळींच ओळखूं आला नाहीं तर? त्याची तजवीज शाळेंतल्या बेरजेसारखी आहे. गुरुजींनीं ७, ४, ९, ६ हे आंकडे सांगितले आणि शेवटीं बेरीज २६ हीही सांगून ठेवली. मुलाच्या पाटीवर तिसरा आंकडा पुसला गेला, तरी २६ मधून उरलेल्या तिघांची बेरीज १७ वजा करून तो ९ परत मिळवूं शकतो. प्रक्षेपक अशा पुष्कळ गुंतागुंतीच्या बेरजा आंकड्यांबरोबर पाठवितो. त्यांतही एक खुबी आहे. ठिणगीचा गोंगाट क्षणिक पण दाट असतो; त्यानें लागोपाठचे आंकडे एकदम पुसले, तर बेरीजही कामास येत नाहीं. म्हणून आंकडे मुद्दाम विस्कटून, एकमेकांपासून दूरदूर पाठवितात. पोथीच्या प्रत्येक ओळींतील एकेक शब्द निरनिराळ्या पानांवर लिहिला, तर एक पान फाटल्यानें कोणतीच ओळ सबंध जात नाहीं. प्रत्येकींतला एखादा शब्द जातो, आणि तो संदर्भानें भरून काढतां येतो. वेल्डिंगच्या ठिणगीस हें उत्तर आहे.

पत्र्याच्या प्रतिध्वनीस दिलेलें उत्तर याहूनही सुंदर आहे. घुमणाऱ्या सभामंडपांत कीर्तनकार भरभर बोलूं लागला, तर मागच्या शब्दाचा प्रतिध्वनि पुढच्या शब्दावर पडून कांहींच समजत नाहीं. तोच जर सावकाश, प्रत्येक शब्दानंतर थांबून बोलला, तर प्रतिध्वनि विरून जातो आणि शब्द स्पष्ट ऐकूं येतो. परंतु सावकाश बोलल्यानें कीर्तन संपणार केव्हां? त्यावर उपाय असा, कीं एकाच्या ऐवजीं हजारों जणांनीं, प्रत्येकानें आपापल्या निराळ्या स्वरांत, एकाच वेळीं सावकाश बोलावें. २००९ सालीं निश्चित झालेल्या डीव्हीबी-टी२ या प्रक्षेपणपद्धतींत अगदीं हेंच होतें. तींत कामाची वांटणी बत्तीस हजारांपर्यंत बारीक लहरींवर करतां येते. तेव्हां प्रत्येक लहरीचा एकेक उच्चार सेकंदाच्या साडेतीन हजारांश इतका दीर्घ ठेवतां येतो, आणि दोन उच्चारांमध्यें प्रतिध्वनि विरण्यासाठीं राखीव काळ सोडलेला असतो. छपरावरून आलेली उशिराची लहर या काळांत आली, तर ती बिघाड तर करीत नाहींच, उलट मूळ लहरीस हातभार लावते. त्यामुळेंच, टेकडीच्या सांवलींतील एखाद्या वस्तीसाठीं त्याच लहरींवर चालणारा लहान पूरक प्रक्षेपक बसवितां येतो; घरांतील यंत्रास तो दुसरा मनोरा न वाटतां पहिल्याचाच प्रतिध्वनि वाटतो.

या पद्धतीचा एक स्वभाव मात्र ग्राहकानें ओळखून असावा. जुनें चित्र उतारासारखें होतें: लहर क्षीण होत जाई तसतशा मुंग्या वाढत, पण माणसें शेवटपर्यंत ओळखूं येत. अंकीय चित्र सह्याद्रीच्या कड्यासारखें आहे: शेवटच्या पावलापर्यंत पठार सपाट, आणि पुढें एकदम दरी. बेरजा पुरतात तोंवर चित्र निर्दोष. त्या अपुऱ्या पडल्या कीं प्रथम चित्राचे चौकोनी तुकडे पडतात आणि लागलीच पडदा काळा होतो. म्हणून अंकीय अँटेना नुसतें चित्र पाहून बसवूं नये. चित्र उत्तम दिसत असतांनाही आपण कड्यापासून दहा पावलांवर आहों कीं एका, हें डोळ्यांस कळत नाहीं. यंत्राच्या पडद्यावर लहरीचें बळ व गुण यांचें माप दाखविण्याची सोय असते. तें माप पाहून, पुरेशी शिल्लक ठेवून, अँटेनेची उंची व रोख ठरवावा. आणि ही परीक्षा सुटीच्या दिवशीं न करतां कारखाने चालू असतांना करावी.

आतां इतिहासाकडे वळूं. फेब्रुवारी २०१६ मध्यें दूरदर्शननें देशांतील १६ शहरांत डीव्हीबी-टी२ प्रक्षेपण सुरू केल्याचें जाहीर केलें. जुन्या पद्धतींत एका वाहिनीस जेवढी जागा लागे, तेवढ्यांत पांच वाहिन्या देण्याची ही सोय होती. मासिक वर्गणी नाहीं, फक्त योग्य यंत्र आणि अँटेना पाहिजे. महाराष्ट्रांतील दोन शहरें त्या यादींत होतीं: मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर. पुण्याचें नांव त्यांत नव्हतें. पुढें प्रसार भारतीनें ऑक्टोबर २०२१ मध्यें जुनें प्रक्षेपण आवरण्याचें वेळापत्रक जाहीर केलें, आणि मोक्याच्या जागचे सुमारें पन्नास प्रक्षेपक सोडून बाकीचे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचें ठरलें. ज्या मुलखांत पत्र्याचा प्रतिध्वनि आणि ठिणग्यांचा गोंगाट सर्वांत अधिक, त्यास या औषधाची गरजही सर्वांत अधिक होती. पण औषधाच्या पहिल्या यादींत त्याचें नांव नव्हतें, एवढें नमूद केलें पाहिजे.

यावर असें म्हणतां येईल, कीं तोंवर बहुतेक घरांत केबल किंवा छत्री आली होती, मग अँटेनेचें दुःख कां करावें? दूरदर्शनची विनावर्गणी उपग्रहसेवा २००४ च्या डिसेंबरांत सुरू झाली असून आज ती डीडी फ्री डिश या नांवानें चालते, हें खरें आहे. तिचें महत्त्व कमी नाहीं. परंतु दोन गोष्टी लक्षांत घ्याव्या. पहिली, पावसाची. उपग्रहाच्या लहरी अवघ्या अडीच सेंटिमीटर लांबीच्या; मुसळधार पावसाचे थेंब त्यांस शोषतात व विखुरतात, म्हणून ऐन वादळांत, बातमीची गरज सर्वांत अधिक असतां, चित्र जातें. अर्ध्या मीटराच्या लहरीस पावसाची मातब्बरी नाहीं. दुसरी गोष्ट जागेची. फ्री डिशचा उपग्रह या भागांतून आग्नेयेस, क्षितिजापासून साठ अंशांच्या जवळपास दिसतो. ज्यास स्वतःची गच्ची आहे, त्यास छत्री बसविणें सोपें. पण चाकणच्या कारखान्यांत कामास आलेला, उत्तरेच्या एकाच खिडकीच्या खोलींत चौघांसह भाड्यानें राहणारा कामगार छत्री कोठें बसविणार? जमिनीवरील मनोऱ्याची लहर मात्र भिंतींवरून परावर्तित होत होत त्या खोलींतही शिरूं शकते, आणि प्रतिध्वनीवर जगणारी पद्धति असेल तर तिचा उपयोगही करतां येतो.

हाच धागा पुढें भ्रमणध्वनीपर्यंत गेला आहे. इंटरनेटविना थेट मोबाईलवर दूरचित्रवाणी पोंचविण्याच्या पद्धतीची चांचणी १९ शहरांत घेण्याचा मनोदय केंद्रीय माहिती व प्रसारण खात्याच्या सचिवांनीं जानेवारी २०२४ मध्यें व्यक्त केला, आणि त्यासाठीं ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झ हा लहरींचा पट्टा राखून ठेवावा असा आग्रह धरला. इंटरनेटच्या मार्गानें एक लाख लोकांस एकच बातमी द्यावयाची, तर ती एक लाख वेळां पाठवावी लागते. मनोरा ती एकदांच सांगतो, आणि ऐकणारे दहा असोत वा दहा लाख, त्याचा खर्च वाढत नाहीं. पूर, भूकंप किंवा दंगल यांच्या प्रसंगीं हा फरक केवळ पैशाचा राहत नाहीं.

उंच जागेवरून एकदां उच्चारलेला शब्द भोंवतालच्या सर्वांस सारखाच ऐकूं यावा, हें प्रक्षेपणाचें मूळ तत्त्व होय. बंगल्याची गच्ची आणि कामगाराची खोली यांत लहर भेद करीत नाहीं. भेद होतो तो तिला झेलण्याच्या साधनांत. ते साधन स्वस्त करणें आणि सांवलींतल्या वस्त्यांस पूरक प्रक्षेपक देणें, या दोन्ही गोष्टी आज विज्ञानास कठीण राहिलेल्या नाहींत. यापुढें कोणत्याही शहराची नवी यादी होईल, तेव्हां लोकसंख्येबरोबर तेथील पत्रे, ठिणग्या आणि भाड्याच्या खोल्याही मोजल्या जाव्या, एवढी अपेक्षा या मुलखानें केली तर ती अवास्तव म्हणतां येणार नाहीं.